मुखवट्याचा तपास

शहापूर, १२ नोव्हेंबर २०२४

गिरजे,

फोन उचलत नायस म्हणून लिहितो. पत्ता तुझ्या वर्षानं दिला. पोरीला ओरडू नको, मी मागितला म्हणून दिला. मी सातवी शिकलेला माणूस, माझं अक्षर तुला ठाऊक हाय. लागलं नाय तर तिच्याकडनं वाचून घे.

सोबत पुस्तक हाय, 'धसई खोऱ्याची खबर'. हे माझं तिसरं. हसू नको. पोलिसातनं रिटायर झालो तेव्हा तुझी वहिनी मालू म्हणाली, घरात बसून माझ्या डब्यांची झडती घेऊ नका, बाहेर पडा. पडलो. एका बांधावर वीरगळ दिसला, उलटा टाकलेला, बाया त्यावर कपडे धूत होत्या. कोणाचा म्हणून विचारलं तर कोणाला माहीत नाय. लढून मेलेला माणूस आणि ओळख पटलेली नाय, म्हटल्यावर मला चैन पडतं का? छत्तीस वर्षं दुसरं काय केलं? मग गावोगाव फिरून म्हाताऱ्यांचे जबाब घेत सुटलो. माझा नियम एकच. दोन माणसांनी दोन ठिकाणी एकच गोष्ट सांगितली तर लिहायची, नाय तर सोडायची. त्याची पुस्तकं झाली. आता शाळावाले बोलावतात, इतिहासकार म्हणतात, शाल घालतात. अकरा शाली झाल्या. एक मालूनं इस्त्रीच्या टेबलावर घातलीय.

तुझ्या सासरचं माळशेत पान पंचावन्नपासून हाय. गावदेवीच्या देवळाची किल्ली तुझ्या सासऱ्याच्या घराण्यात सात पिढ्या होती, ते मी मानानं लिहिलंय. पान एकसष्टवर दोन ओळी हायत त्या मनाला लावून घेऊ नको. सन २००१ च्या जत्रेला देवीचा पितळी मुखवटा चोरीस गेल्याचं उघड झालं, एवढंच हाय. नाव कोणाचं नाय. तो तपास साहेबांचा होता, मी हुकमाचा ताबेदार. तुझ्या नवऱ्याला दोन दिवस बसवून विचारपूस केली, कोणी बोट लावलं नाय. पुढं गावानं किल्ली काढून घेतली आणि तुमी वाशिंदला गेलात, त्यात पोलिसांचा काय हात?

चोवीस भाऊबीजा झाल्या म्हणे. मी मोजत नाय, मालू मोजते.

पुस्तक मिळालं की कळव.

दादा

शहापूर, ९ डिसेंबर २०२४

गिरजे,

पुस्तक परत आलं. एकसष्टवं पान पट्टी लावून फाडलेलं. हे काय वागणं? त्याच्या मागल्या बाजूला माळशेतच्या विहिरीची माहिती होती, ती पण गेली.

वर्षाचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आईनं निरोप दिलाय. नाव लिहिलं नाय म्हणतोस, पण किल्ली कोणाकडे होती ते वरच्याच ओळीत लिहिलंयस. वाचणारा काय आंधळा हाय?"

मी म्हटलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खोटं बोललो. आलं होतं.

आता रागानं नाय, कामाचं सांगतो. तुझा निरोप ऐकला आणि मी माझा नियम लावून बघितला. मुखवटा चोरीला गेला हे कोणी पाहिलं? कोणीच नाय. दसऱ्याला देवीला चढवला होता. मग पेटीत ठेवला. चैत्री पुनवेला पेटी उघडली तर रिकामी. देवळाचं कुलूप शाबूत. बस. चोरी हा शब्द मी कागदावर लिहिला, आणि वीस वर्षांनी माझाच कागद वाचून पुस्तकात परत लिहिला. म्हंजे साक्षीदार एकच, तो पण मी. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मी त्याची साल काढली असती.

माळ्यावरनं जुन्या डायऱ्या काढल्या. मालू म्हणते, पोलिसाची पँट गेली, खोड गेली नाय. त्या तपासात एकतीस जबाब हायत. माळशेतचं एक घर सुटलेलं नाय. पण गावाच्या कडेची कातकरवाडी हाय ना, तिथला एक पण नाय. डायरीत लिहिलंय, 'वाडी बंद. इसम वीटभट्टीवर.' चैत्रात ते सगळे भिवंडीकडे भट्टीवर असतात, पावसाला परत येतात. पावसात मी परत गेलो का? नाय गेलो. तोवर फाईल बंद केली होती, गुन्हा खरा, चोर सापडला नाय म्हणून.

जाऊन येतो एकदा. याचा अर्थ तू पान फाडलंस ते बरोबर केलंस असा नाय.

दादा

शहापूर, २२ जानेवारी २०२५

गिरजे,

हे पत्र बसून वाच.

परवा वाडीवर गेलो. तरणी माणसं भट्टीवर गेलेली, कुडाच्या झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या. एकच म्हातारी मागं राहिलेली, बुधी. गुडघे गेलेत म्हणून मुलगा तिला नेत नाय. म्हादू भगताची बायको. म्हादू वारला, आठेक वर्षं झाली.

वाडीच्या मागं उंबर हाय. त्याच्याखाली चार गोल दगड एका रांगेत. तीन शेवाळलेले, चौथा जरा कोरा. मी वही काढून लिहायला लागलो.

"काय लिवतोस रे?" बुधी म्हणाली.

"दगड लिहितो, आजी."

"मला आजी म्हणतोस, तुझं तोंड बघ."

"बरं, बुधाबाय. हे दगड कोणाचे?"

"देवीचे. तुमच्या माळशेतच्या."

मी म्हटलं, माळशेतची देवी तर देवळात हाय. तर ती म्हणाली, "आता हाय ती नवी. फुटली की इकडं येती. इथलीच ना ती. आमच्या म्हादूच्या पणज्याच्या पणज्याला डोहात गावली, गावानं मागून नेली. लेक दिली तरी थकली की माहेरी यायचीच. मग इथं मातीत निजवायची, वर दगड ठेवायचा."

"हा चौथा कधीचा?"

"म्हादूनं आणला तो. दिवाळी झाली होती, उद्या भट्टीवर निघायचं म्हणून आमी बोचकी बांधीत होतो. आबाचा निरोप आला, ये नि घेऊन जा. आबानंच कुलूप काढलं, आबानंच लावलं."

आबा म्हंजे तुझा सासरा, गिरजे.

मी खाली बसलो. ती म्हणाली, पाणी देऊ का? मी विचारलं, मुखवटा दिसायला कसा होता? "डाव्या गालाला खळी. कानाखाली चीर गेलेली, नख जाईल एवढी." खळी सगळ्या गावाला ठाऊक हाय. चिरेचं माझ्या एकतीस जबाबांत कोणी बोललेलं नाय. दसऱ्यानंतर पेटीत ठेवताना आबानं एकट्यानं बघितली असणार. आणि देवी भंगली असं तोंडानं बोलायचं नाय, हा त्यांचा रिवाज. किल्लीवाला आणि भगत, दोघांनीच करायचं. नवा मुखवटा घडवायला किल्लीवाल्यानं मग गावाला सांगायचं. ह्याच्या आधी झालं ते आबाच्या आज्याच्या हातानं, गावात ते आठवणारं कोण उरलं होतं?

मी म्हटलं, "बुधाबाय, ती चोरीला गेली म्हणून गावात पोलीस आले होते."

"कोण पोलीस?"

"मी."

तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "मग आमाला नाय विचारलंस ते?"

"वाडीला कोणी नव्हतं."

"पावसात आलो की आमी. तवा यायचं होतं."

वाडीवाले परत आले, नवरात्रात देवळापाशी गेले, देवीला नवा मुखवटा दिसला. त्यांना वाटलं, जुनी आमी आणली, नवी ह्यांनी केली, सगळं रिवाजानं झालं. मी विचारलं, किल्लीवाला ज्ञानेश्वर, आबाचा मुलगा, गाव सोडून गेला हे कळलं नाय का? म्हणाली, "कळलं ना. वाशिंदला कारखान्यात लागला म्हणाले. चांगली नोकरी लागली वाटलं पोराला."

ज्ञानेश्वरनं चोरी केली नव्हती, गिरजे. कोणीच केली नव्हती. हे तुला तेवीस वर्षं ठाऊक हाय. मला परवा कळलं.

दादा

शहापूर, १० मार्च २०२५

गिरजे,

तुझी चिठ्ठी वर्षानं आणून दिली. चारच शब्द. 'गावाला कोण सांगणार मग?'

मी सांगितलं. ते कसं झालं ते लिहितो, पण त्याच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या हायत. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं.

एक. तपास साहेबांचा नव्हता. साहेब म्हणाले होते, देवराम, तुझ्या बहिणीचं सासर हाय, तू लांब राहा. मी मागून घेतला. मला भीती होती, लोक म्हणतील हवालदारानं मेव्हण्याला वाचवलं. म्हणून पयलं त्यालाच उचललं.

दोन. बोट लावलं नाय हे खोटं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानाखाली मारली. मीच. तो काय बोलतच नव्हता. हात जोडत नव्हता, शपथ घेत नव्हता. नुसता गप्प. मला वाटलं, निर्दोष माणूस ओरडतो.

तीन. आबाचा जबाब मी घेतला होता. तेव्हा आबाचं डोकं गेलं होतं, नातीला आई म्हणून हाक मारायचा, म्हणूनच गावाला सांगायचं राहून गेलं असणार. तो मला म्हणाला, "ती घरी गेली. आता नवी आणा." मी डायरीत लिहिलं, 'वृद्ध इसम, भ्रमिष्ट, जबाब घेण्याजोगा नाही.' तुझ्या दारात बसून लिहिलं. तू चहा केला होतास.

आता गावाचं. रविवारी देवळात बैठक घेतली. देवळाच्या कमिटीचा मुख्य आता हनुमान हाय, दूधवाल्यांचा. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हवालदार, पुस्तकं लिहायला लागल्यापासून गोष्ट चांगली रचता. मेव्हण्याला सोडवायला इतक्या वर्षांनी सुचली?"

ज्याला भिऊन मी तुझं घर उठवलं, तेच वाक्य. ऐकलं, आणि काय झालं नाय. माणूस ऐकून पण जिवंत राहतो. मी म्हटलं, "हो, माझा मेव्हणाच हाय. आता चला वाडीवर."

"वाडीवर कशाला?"

"पंचनामा करायला. एक पंच गावचा, एक वाडीचा. गावचा तू."

चाळीसेक माणसं आली. बुधीनं सगळ्यांना उंबराच्या बाहेरच उभं केलं. हनुमान म्हणाला, खणू या. ती म्हणाली, "तुझी आजी पुरलेली असती तर पहार घेऊन आला असतास का?" तिनं चपला काढल्या, चौथा दगड मुलाच्या हातानं बाजूला घेतला. तो दोन दिवसांसाठी भट्टीवरनं आला होता. मग आपल्या हातानं वीतभर माती सारली. हिरवं पडलेलं पितळ. डावा गाल. खळीत माती बसली होती, ती तिनं अंगठ्यानं काढली. खाली कानापाशी चीर.

हनुमान वाकून बघत राहिला. मग टोपी काढली. "माझी आजी म्हणायची, आमची देवी हसते एकाच गालानं," म्हणाला. नव्या मुखवट्याला खळी नाय, गिरजे. घडवणाऱ्याला कोणी सांगितलीच नाय.

बुधीनं माती परत ओढली, वर दगड ठेवला. मी तिथंच उकिडवा बसून कागद लिहिला. गेल्या वेळी मीच लिहिलेल्या चोरीवर मीच काट मारली. हनुमाननं सही केली, बुधीच्या मुलानं सही केली. बुधी म्हणाली, माझा पण अंगठा घे. घेतला.

देवळात परत येऊन ठरलं ते असं. येत्या जत्रेला किल्ली ज्ञानेश्वरच्या हातात द्यायची, सगळ्यांच्या समोर. आणि पुढं कधी देवी वाडीला जाईल तर वाजतगाजत जाईल, गुपचूप नाय. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, रिवाज मोडतो म्हणून. बुधी म्हणाली, तुमच्या गप्प बसण्यानं एक घर गेलं, मोडू दे.

चैत्री पुनव १२ एप्रिलला हाय, शनिवारी. ज्ञानेश्वरला सांग. तो आला नाय तर मी समजून घेईन. तू आली नायस तर समजून घेणार नाय, पण गप्प बसेन.

दादा

शहापूर, १४ एप्रिल २०२५

गिरजे,

परवाच तर भेटलो, आता पत्र कशाला म्हणशील. जत्रेत ताशाच्या आवाजात बोलता काय आलं? तू मला म्हणालीस, "दादा, बारीक झालास." मी म्हटलं, "तू नाय झालीस." तेवढंच झालं. तेवढं पण पुष्कळ झालं. घरी येताना मालू एस्टीत झोपली आणि मी धसईपासून मुरबाडपर्यंत एकटाच हसत होतो. कंडक्टर म्हणाला, बाबा, तिकीट घेतलंय ना?

पण हे पत्र वेगळ्या कामाचं हाय. ज्ञानेश्वरनं सांगितलेलं काम.

किल्ली हातात घेतल्यावर त्यानं कुलूप उघडलं, बघितलंस तू. आत गेला. तुमी बाया ओट्या भरायला पुढं झालात आणि तो मागल्या दारानं बाहेर आला, पायरीवर बसला. मी पण बसलो. माफी मागायची म्हणून पाठ करून आलो होतो. म्हटलं, "भावजी, मी तुमच्यावर हात टाकला." तो म्हणाला, "ते राहू द्या. बुधाबाय म्हणाली ते खरं का? आबानं स्वतः निरोप धाडला? म्हादूनं मागितलं म्हणून नाय, आबानंच?"

मी म्हटलं, खरं. दोनदा विचारून लिहिलंय.

तर तो रडायला लागला. तोंडावर रुमाल धरून. मला कळेना. मग थांबत थांबत बोलला.

त्या साली धसईच्या बाजारात जुनं पितळ घेणारा एक माणूस बसायचा, आठवतो तुला? आबा बाजाराच्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसायचे, डोकं गेल्यावर कोणाजवळ पण बसायचे. पेटी रिकामी निघाली, आणि आबा म्हणाले, ती गेली, आता नवी आणा. ज्ञानेश्वरला वाटलं, आबानं विकली. किल्ली घरातच टांगलेली, दुसरं कोण नेणार? सात पिढ्यांचा मान, आणि म्हाताऱ्या बापानं देवी मोडीत घातली. म्हणून तो माझ्यासमोर गप्प बसला. नाय म्हणाला असता तर मी पुढचं विचारलं असतं, मग तुमच्या घरात दुसरं कोण होतं? मार खाल्ला, किल्ली दिली, गाव सोडलं, पण बापाचं नाव तोंडातनं काढलं नाय. आबाला वाशिंदला नेलं, तिथं त्यांचं सगळं केलं, शेवटपर्यंत. आणि मनात तेच धरून केलं, की ह्यानंच विकली.

मला म्हणाला, "आबा मेले त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो नव्हतो. पुढं झालो, नि पाय मागं आले. गिरजानं विचारलं का, तर पाठ दुखते म्हणालो."

चोवीस वर्षं हे त्यानं तुला सांगितलं नाय, कारण आबाला तू रोज भरवत होतीस. तुझ्या मनात त्यांच्याविषयी वाईट यायला नको होतं. मला म्हणाला, "देवरामदादा, तुमी लिहिता ना, तुमीच कळवा तिला. माझ्यानं बोलवणार नाय."

म्हणून कळवलं. मी उभ्या जन्मात हजारभर जबाब लिहिले असतील. ह्याचा तेवढा मी चुकवला होता, आणि तो माझ्याच घरचा.

आणखी एक. आमी दोघं पायरीवर होतो तेव्हा बुधी जत्रेसाठी भट्टीवरनं आलेल्या लेकाच्या खांद्याला धरून आली. ज्ञानेश्वरला बघून म्हणाली, "आबाचा पोर ना तू? नाक तेच." मग म्हणाली, "आबा आमच्याबरोबर उंबरापर्यंत आला होता. देवीला उराशी धरून. म्हादूच्या हातात देईना. पोरीला सासरी धाडताना बाप रडतो तसा रडला, माहेरी धाडताना." ज्ञानेश्वर उठला, आणि मला म्हणाला, चला, मला उंबर दाखवा.

तू आमाला शोधत होतीस तेव्हा आमी तिथं होतो. त्यानं चप्पल काढली आणि चौथ्या दगडापुढं आडवा पडला, हात लांब करून, पूर्ण. चांगला बराच वेळ. कोणाच्या पाया पडत होता ते मी विचारलं नाय.

आता हे पत्र पोचेल तेव्हा तो कामावरनं यायचा असेल. त्याला काय विचारू नको. आबांचा फोटो तुमी आतल्या खोलीत लावलाय, वर्षा म्हणाली. तो पुढल्या खोलीत लाव. येऊन बघेल आणि समजेल की तुला कळलं. मग जेवायला वाढ.

तुझा
दादा